माहेरवाशिणींचा दिवस

"'सामोआची स्त्री आता मागच्या दाराने येणार नाही.' इथे जरा थांबू का? टाळ्यांसाठी?" फासेगाने कागदावरून मान वर काढली.

"थांब," मोएलागी म्हणाली. "पण फार थांबू नकोस. नाही आल्या टाळ्या, तर सगळ्या जिल्ह्यासमोर शोभा व्हायची."

लोसिवाले मागच्या पायरीवर बसून तारोचे कंद सोलत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिचे दोन्ही हात चिकट झाले होते.

मोएलागीची ही थोरली लेक गेल्या आठवड्यात ऑकलंडहून आली, तेव्हापासून घराला लग्नघराची कळा आली होती. एका बॅगेत तिचे कपडे होते आणि दुसऱ्या बॅगेत नुसत्या जांभळ्या फिती. जिल्ह्यातली गावं महिला दिन पाळीपाळीने करतात आणि यंदा पाळी त्यांच्या वाईतोआची होती. पाहुण्या गावांच्या बायका बस भरभरून येणार, गावाच्या मोठ्या फालेत, म्हणजे नुसत्या खांबांवर उभ्या सभाघरात, आपापल्या गावाच्या खांबांना टेकून बसणार, वाईतोआच्या लेकी समोर बसून त्यांचं स्वागत करणार, भाषणं होणार, मग जेवणं. वाईतोआच्या लेकी म्हणजे वाईतोआत जन्मलेल्या. लग्न होऊन वाईतोआत आलेल्या बायकांनी त्या दिवशी कुठे असायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. ते ठरवावं लागत नाही. त्या मागे, चुलीपाशी. महिला दिन झाला म्हणून त्यात फरक पडायचं कारण नव्हतं. उलट त्या दिवशी माणसं जास्त, म्हणून भांडीही जास्त.

"आई, मी उद्याचं विचारलं होतं," लोसिवाले पायरीवरूनच म्हणाली.

"काय विचारलं होतंस?" मोएलागीला पक्कं ठाऊक होतं.

"मातफालाच्या बायका येतील तेव्हा मी आत्याशेजारी बसू का म्हणून. आमच्या गावाच्या वतीने उत्तर यंदा मी द्यावं, असा तिचा निरोप आहे."

"तुझी आत्या बोलते की छान. सगळ्या बेटाला ऐकू जातं."

"तिचे गुडघे गेलेत. पुढच्या वेळी प्रवास जमेल की नाही, सांगता येत नाही म्हणते."

प्रश्न आत्याच्या गुडघ्यांचा नव्हता, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. मातफालाच्या सभेत एक खांब, म्हणजे बोलायचा मान, लोसिवालेच्या वडिलांचा. वडील गेले, मागे मुलगा नाही. तेव्हापासून फुआतिनो आत्या त्या खांबापाशी बसून ती जागा राखत आली होती. चुलत घरातल्या पेपेचा त्या जागेवर डोळा होता. अख्ख्या जिल्ह्यासमोर जी एकदा गावाचा शब्द बोलली, तिच्याकडून तो मग कुणी काढून घेत नाही. उद्या लोसिवाले बोलली तर वडिलांची जागा तिची. ती आली नाही, तर पेपे उठून बोलणार, आणि विषय कायमचा मिटणार.

"वन्सं, तुम्ही म्हणाला होतात आईंशी बोलते म्हणून," लोसिवालेने फासेगाकडे पाहिलं.

फासेगा म्हणाली होती, हे खरं. विमानतळावर गळ्यात पडून म्हणाली होती, "अगं, बसायचंच तू! त्यासाठीच तर हा दिवस!" तेव्हा धाकटी सून वालासी बाळंत व्हायची होती. आता ती आठवड्याची बाळंतीण होती.

"लोसी, तत्त्वाचं म्हणशील तर मी शंभर टक्के तुझ्या बाजूची आहे," फासेगा म्हणाली.

"हो, वन्सं."

"पण बघ ना, वालासी निजलेली. माणसं दोनशेच्या वर. तुझ्यासारखी सपासूई दुसऱ्या कुणाला जमत नाही. मातफालाच्याच लोकांना कच्च्या शेवया वाढायच्या का? त्यात तुझीच मान खाली जाईल." बोलता बोलता हा मुद्दा तिला स्वतःलाच पटत गेला. "पुढच्या वर्षी नक्की. मी आत्ताच शब्द देते."

"पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्या गावाची, वन्सं. तिथे इथून लेकी जातात. सुना घरीच राहतात."

फासेगाने कागदाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. मोएलागीने पंख्याने वारा घेतला.

"झालं मग," मोएलागी म्हणाली. "आणि सपासूईत मीठ बघून घाल हो. मागच्या खेपेला पाद्रीबाई तीन ग्लास पाणी प्यायल्या. मी मोजत होते."

हा मिठाचा टोमणा लोसिवालेने लग्न होऊन आल्यापासून ऐकला होता. पाहुण्यांचं होऊन, घरच्यांचं होऊन, भांडी आवरून सुना बसायच्या तेव्हा पातेल्यात जे काही उरलेलं असायचं ते गार झालेलं असायचं, आणि पोटात अशी आग पडलेली असायची की खारट-अळणी काही कळायचं नाही. त्यामुळे सासूचं म्हणणं खरं की खोटं, हे तिला कधी तपासताच आलं नव्हतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. ताविता खांबाशी बसून नारळ सोलत होता. त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग नारळाकडे. तिकडे भावाने बहिणीचा शब्द मोडायचा नसतो. ती घरात आली की भाऊ आवाज खाली घेतो, ती मागेल ते आणून देतो, तिच्यासमोर बायकोशी चेष्टासुद्धा करत नाही. सामोआत बाईला किती मान आहे, हे फासेगा उद्या याच दाखल्याने सांगणार होती. भाषणात तो दुसऱ्या पानावर होता.

सकाळी मोठ्या फालेच्या मागच्या अंगणात दगड तापले होते. ताविता आणि गावातले पोरगे केळीच्या पानांखाली तारो, मासे आणि नारळाच्या दुधातल्या पालुसामीच्या पानपुड्या रचत होते. लोसिवाले शेजारी मोठ्या पातेल्यात मटण परतत होती. दोघांच्याही डोळ्यांतून धुराने पाणी येत होतं, त्यामुळे रात्रीचा राग दिसत नव्हता.

"तोंड उघडलं नाहीस काल," ती म्हणाली.

"बहीण बोलत होती."

"बायकोही बोलत होती."

"ऐकलं मी." त्याने एक दगड चिमट्याने सरकवला. "पण मी काय करणार? तिचा शब्द मी मोडला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आणि मी मोडला तर?"

ताविताने बराच वेळ विचार केला. विचार करणं हा त्याचा रोजचा उद्योग नव्हता.

"तू काही तिचा भाऊ नाहीस," तो म्हणाला.

आपण काय बोलून गेलो हे त्याला जरा उशिरा उमगलं. त्याने दचकून फालेकडे पाहिलं, मग घाईघाईने केळीची पानं दगडांवर टाकायला लागला. लोसिवालेने पातेल्यात सोया सॉस ओतला आणि डाव फिरवला. आज पहिल्यांदाच तिने मीठ चाखून पाहिलं आणि ठीक वाटलं. आता वरून काही घालायची गरज नव्हती.

दहाच्या सुमाराला बसेस यायला लागल्या. रंगीत लाकडी बसमधून एकेका रंगाच्या बायका उतरत होत्या. लोतोमाऊच्या निळ्या, फालेतिनाच्या हिरव्या, मातफालाच्या पिवळ्या. मागच्या अंगणात रुता आणि आनिवा या शेजारच्या दोन सुना ताटं पुसता पुसता माना लांब करून बघत होत्या.

"ती निळ्यातली माझी थोरली बहीण," रुता म्हणाली. "जाडी झाली बाई."

"हाक मार की."

"वेडी का तू? या अवतारात?"

फुआतिनो आत्या मात्र पाहुण्यांच्या वाटेने गेलीच नाही. काठी टेकत, डुकरांना हाकलत ती थेट मागच्या अंगणात आली. पाहुणीने चुलीपाशी येणं म्हणजे भलतंच. रुताने घाबरून तिच्यासाठी चटई शोधायला धाव घेतली.

"चटई राहू दे. खाली बसले तर उठता येणार नाही मला," आत्या म्हणाली. तिने काखेतलं गाठोडं सोडलं आणि पिवळी पुलेतासी, सणाचा लांब अंगरखा, काढून टाकीजवळच्या खिळ्याला अडकवली. "मापात चुकलं असेल. तुला बघून बरेच दिवस झाले."

"आत्या, मला नाही जमायचं. घरात बाळंतीण आहे. वन्सं म्हणतात..."

"कोण काय म्हणतं ते ऐकायला मी आले नाही. पपईच्या रोपाएवढी होतीस तेव्हापासून बघतेय, दुसऱ्याचं म्हणणं सांगायची घाई तुला फार. तुझं काय म्हणणं?"

लोसिवालेने डाव पातेल्याच्या काठावर टेकवला. डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला ते धुराचं नव्हतं. तिला तिथे बसायचं होतं. वडिलांच्या खांबाला पाठ लावून, कुणाच्या पाठीमागे नव्हे. हे तिला इतकं हवं होतं की बोलून दाखवायची भीती वाटत होती.

आत्याने तिच्या गालावरची काजळी अंगठ्याने पुसली. ती पुसली गेली नाही, पसरली.

"मी काही तुला हाक मारणार नाही," आत्या म्हणाली. "जागा धरून बसेन. पेपेने दाटी केली तर काठी आहे."

फालेला चारी बाजूंनी भिंत नव्हतीच, त्यामुळे मागे सगळं ऐकू येत होतं. प्रार्थना झाली. पाद्रीबाईंचे दोन शब्द झाले आणि त्यानंतर आणखी बरेच झाले. मग फासेगा उठली. भाषण चांगलं होतं, खोटं कशाला बोला. मागच्या दाराच्या वाक्याला टाळ्या आल्या. मागच्या अंगणात रुतानेही वाजवल्या, मग तिला शेवया भिजवायच्या होत्या म्हणून ती चुलीकडे वळली.

त्यानंतर पाहुण्या गावांची उत्तरं. लोतोमाऊ बोलली. फालेतिना बोलली, आणि जरा लांबलीच.

"आता मातफालाचा शब्द ऐकू या," मोएलागीचा आवाज आला.

कुणीच बोललं नाही.

लोसिवालेचा डाव थांबला. खांबांमधून तिला दिसत होतं. पिवळ्या रांगेत पेपेने पदर सारखा करावा तशी पुलेतासी गुडघ्यांवर ओढली आणि उठायला गेली. आत्याची काठी तिच्या मांडीवर आडवी आली. आत्याच्या शेजारी, खांबापाशी, एका माणसाची चटई रिकामी होती.

"मातफालाचा शब्द?" मोएलागीने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

"आमचा शब्द तुमच्या चुलीपाशी आहे," आत्या शांतपणे म्हणाली. "येईल तेव्हा येईल. आम्हाला घाई नाही."

पाहुण्यांनी उत्तर दिलं नाही तर स्वागत अर्धवट, आणि स्वागत अर्धवट तर जेवण वाढता येत नाही. वाईतोआत असं कधी झालं नव्हतं. मोएलागीचा पंखा थांबला. तिने लेकीकडे पाहिलं.

फासेगा पांढरीशुभ्र पुलेतासी सावरत मागच्या अंगणात आली. गळ्यातल्या फुलांच्या माळेने ती धाप लागल्यासारखी दिसत होती, किंवा खरंच लागली असेल.

"लोसी, तुझ्या आत्याने काय मांडलंय हे? अख्खा जिल्हा खोळंबलाय. जा, जाऊन सांग तिला काहीतरी."

"काय सांगू?"

"सांग, तुला बरं नाही. ताप आहे म्हणावं."

"ताप असता तर सपासूई कुणी केली असती, वन्सं?"

ताविता दगडांपाशी उकिडवा बसून जमीन बघत होता. त्याच्या तोंडून शब्द निघणं शक्य नव्हतं, पण त्याने मान थोडी हलवली. खाली-वर.

लोसिवालेने फासेगाचा हात धरला आणि त्यात डाव दिला.

"धरा, वन्सं. तळाला लागू देऊ नका."

"अगं पण... यात सोया सॉस घातलाय का?"

ते ऐकायला लोसिवाले तिथे नव्हती. टाकीच्या आडोशाला तिने पुलेतासी अंगात घातली. खांद्यात घट्ट होती, दंडात सैल होती. कमरेला गुंडाळलेला लावालावा जुनाच राहिला, काजळीचा. रुता म्हणाली, "केस तरी..." आणि स्वतःच्या कानामागचं फूल काढून तिच्या कानामागे खोचलं.

मागच्या बाजूने आत न येता ती फालेला वळसा घालून पुढून आली. सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर, कारण ते राखेने पांढरे झाले होते. ती वाकून, पाहुण्यांची माफी मागत, पिवळ्या रांगेत शिरली आणि खांबाला पाठ लावून बसली. आत्याने काठी बाजूला घेतली. पेपे दुसरीकडे बघायला लागली.

लोसिवालेला बोलायची सवय नव्हती, पण वडिलांचं बोलणं तिने ऐकलेलं होतं. बोलणाऱ्याने समोरच्या प्रत्येक गावाला त्याच्या मानाने हाक मारायची, एकालाही वगळायचं नाही. वगळणं म्हणजे अपमान. तिने क्रमाने मान दिला. वाईतोआच्या लेकींना, लोतोमाऊला, फालेतिनाला, पाद्रीबाईंना. मग ती थांबली. लोकांना वाटलं, विसरली.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "आज सकाळपासून तुमच्यासाठी जेवण रांधलं त्यांना मान कुणी दिला नाही. मी देते. रुताला मान. ती लोतोमाऊची लेक आहे. त्या थोरल्या खांबाच्या घरातली. आनिवाला मान. ती फालेतिनाची. वालासीला मान, ती आज आठवड्याच्या बाळापाशी निजली आहे म्हणून. आम्ही सगळ्या कुठे ना कुठे लेकी आहोत. ती गावं आज इथे आलीत आणि आम्ही त्यांच्यापासून चुलीएवढ्या अंतरावर आहोत. मातफालाचा शब्द एवढाच. तुम्ही आम्हाला प्रेमाने बोलावलंत, आमचं मन भरलं."

टाळ्या आल्या नाहीत. लोतोमाऊच्या निळ्या रांगेतली जाडी बाई उठून उभी राहिली आणि मागच्या अंगणाच्या दिशेने ओरडली, "रुता! अगं ए रुता! इकडे ये!" मग फालेतिनाच्या दोघी आनिवाला हाका मारायला लागल्या. हातात ओली ताटं घेऊन रुता आणि आनिवा खांबांपाशी येऊन उभ्या राहिल्या. आत यायचं की नाही, ते त्यांना कळेना. दोघी आपापल्या सासूकडे बघत होत्या, आणि सासवा मोएलागीकडे.

मोएलागी वाईतोआच्या लेकींमध्ये बसली होती ती केवळ वयाच्या मानाने. तिचं माहेर समुद्रापलीकडच्या बेटावर. तिथून आज कुणी आलेलं नव्हतं. तिने पंखा खाली ठेवला.

"बसवा त्यांना," ती म्हणाली. "ताटं घ्या त्यांच्या हातातली."

"मग वाढणार कोण?" वाईतोआची एक लेक म्हणाली.

"का? तुमचे हात काय नुसते टाळ्यांना आहेत? उठा." आणि पहिली ती स्वतः उठली, दोन्ही गुडघ्यांवर हात देऊन.

जेवण वाढायला वेळ लागला. नव्या साड्या सांभाळाव्यात तशा पुलेतासी सांभाळत वाईतोआच्या लेकी वाकत होत्या, कुणाला मासे दोनदा येत होते, कुणाला तारो येतच नव्हता. तावितासकट अंगणातले पुरुष टोपल्या आणून टेकवत होते. ताविताने बायकोसमोर पालुसामी ठेवताना वर पाहिलं नाही, पण ठेवल्या दोन.

मोएलागी लोसिवालेसमोर ताट घेऊन आली. वाफ निघत होती.

"घे," ती म्हणाली. "गरम आहे तोवर खा. मीठ कसं आहे ते आता तूच सांग."

लोसिवालेने सपासूईचा घास घेतला. जीभ आक्रसली. सोया सॉस दोनदा पडला होता, बहुतेक तीनदा. समोरच्या रांगेत पाद्रीबाई पाण्याच्या ग्लासकडे हात नेत होत्या. आत्या चावत होती आणि छताकडे बघत होती. अख्खी फाले खारट सपासूई निमूटपणे गिळत होती, आणि कुणाच्या तोंडून ब्र निघत नव्हता.

मोएलागीने उभ्या उभ्या तिच्या ताटातली एक शेवई उचलून तोंडात टाकली. तिचा चेहरा बदलला. तिने मागच्या अंगणाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात फासेगा मोठं तबक घेऊन रांगेतून आली. पांढऱ्या पुलेतासीवर छातीपासून खाली तपकिरी डाग, गळ्यातली फुलं धुराने मलूल, कपाळावर केस चिकटलेले. भाषणाचे कागद कुठे गेले, देव जाणे. ती लोसिवालेसमोर वाकली आणि हळूच म्हणाली, "बरी झालीय का गं? खरं सांग. मला काही कळलंच नाही किती घालायचं ते."

फालेतली सगळी तोंडं चावायची थांबली. या प्रश्नाचं उत्तर या घरात काय असतं, ते मोएलागीला ठाऊक होतं, लोसिवालेलाही. ते जिभेच्या टोकावर होतं.

"गरम आहे," लोसिवाले म्हणाली. तिने सरकून चटईवर जागा केली. "वन्सं, ठेवा ते तबक. बसा आणि तुम्हीही जेवा."

फासेगाने रांगेच्या टोकाकडे पाहिलं. तिथे अजून निम्मी ताटं रिकामी होती.

"आधी सगळ्यांचं होऊ दे," ती म्हणाली. "मी बसेन नंतर."

बोलून ती जागीच उभी राहिली. हे वाक्य आपण कुणाच्या तोंडून, किती वर्षं ऐकत आलो, ते तिच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं. लोसिवालेने ते पाहिलं, आणि मग आपल्या ताटाकडे वळून गार व्हायच्या आत दुसरा घास घेतला.